बरं झाल्याची साखर

तोकाची, होक्काइदो
२९ जानेवारी १९६६

चि. तोकुजीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्रास कारण, आपल्या इवाओच्या पुढच्या डाव्या खुरात पू झाला होता. ओनोदेरा नालबंदांनी खूर खरवडून तो काढला. आता उतार आहे, काळजी नसावी.

जाता जाता कळवते की माझाही डावा पाय मोडला आहे. गेल्या मंगळवारी इवाओ पाय टेकेना, म्हणून मी खूर उचलून बघायला गेले. पागेच्या दारात बर्फ होता. मी घसरले आणि त्याने खूर खाली ठेवला तो माझ्या पावलावर. नऊशे किलोचं जनावर! पण तू लगेच त्याला बोल लावू नकोस. खूर दुखत होता म्हणून त्याने भार निम्माच टाकला. धडधाकट असता तर आज कुठलं पाऊल मोडलं ते सांगायला पाऊलच उरलं नसतं. दोन हाडं गेली. दीड महिना प्लास्टर आहे आणि त्यानंतरही महिनाभर पायावर भार द्यायचा नाही.

डॉक्टरांनी माझा पाय दोन मिनिटं पाहिला. ओनोदेरांनी इवाओचा खूर अर्धा तास पाहिला. ठोकला, हुंगला, पुन्हा ठोकला, पुन्हा हुंगला. आमच्या दोघांत चांगला इलाज कुणाला मिळाला, हे तूच ठरव.

गावातलं एकूण एक माणूस समाचाराला येऊन गेलं. पीचचे डबे इतके जमलेत की दुकान घालता येईल. आबेंच्या आजी गाजरं घेऊन आल्या. ती माझ्यासाठी की इवाओसाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आम्ही वाटून खाल्ली.

सौ. सुमिएस आशीर्वाद. लोभ आहेच, उपदेश करू नये ही विनंती.

तुझी ताई,
मिसाओ

*

ओतारू
८ फेब्रुवारी १९६६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. सोबत पीचचा डबा पाठवत आहे. तुझ्याकडे भरपूर आहेत हे माहीत आहे, पण समाचाराला काहीतरी पाठवायलाच हवं, आणि सुमिएने आधीच बांधून ठेवला होता.

आता तुला नको असलेला उपदेश. तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस. भावजी जाऊन सहा वर्षं झाली. तू एकटी, घर एकटं, आणि पागेत एक नऊशे किलोचं धूड. ते पावलावर भार निम्मा टाकतं की पाव टाकतं, याचं कौतुक मला सांगू नकोस. मी नऊ वर्षांचा असताना बाबांच्या घोडीने माझ्या उजव्या पायावर पाय दिला होता. ते पाऊल अजून डाव्यापेक्षा एक नंबर मोठं आहे. चाळीस वर्षं मी मोठा बूट घेतो आणि डाव्यात वर्तमानपत्र कोंबतो. घोड्यांबद्दल माझं मत काय ते मला चालताना रोज कळतं.

बाबांनी जाताना शेत तुझ्या नावावर केलं आणि घोडे माझ्या. तेवढ्यासाठी तरी आपण एकमेकांशी बोलत राहू, असं त्यांच्या मनात असावं. तर घोड्याचा मालक या नात्याने लिहितो. पंचवीस एप्रिलपर्यंत तू कुबडीशिवाय चालू लागलीस आणि इवाओ दगडी रस्त्यावर न लंगडता चालला, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर त्या दिवशी ओबिहिरोच्या व्यापाऱ्याला घेऊन येतो. शेत खंडाने दे आणि तू इकडे ये. आमची माडीवरची खोली रिकामीच आहे, तिथून समुद्र दिसतो.

रागावू नकोस. तुझी फार काळजी वाटते, आणि ती मला नीट बोलून दाखवता येत नाही.

तुझा आज्ञाधारक (या एका गोष्टीखेरीज),
तोकुजी

*

तोकाची
२० मार्च १९६६

चि. तोकुजीस,
अ. उ. आशीर्वाद.

त्या व्यापाऱ्याने नेलेला एकही घोडा पुढे कुठल्या शेतात दिसलेला नाही. तो खाटकाला विकतो हे तुलाही ठाऊक आहे. तू तसं लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते.

मी रोज सकाळी कुबड्या घेऊन पागेत जाते आणि बिटाच्या उपड्या खोक्यावर बसते. इवाओ आपणहून खूर माझ्यापुढे आणतो. आधी दोन्ही खुरांवर तळवे ठेवायचे. डावा उजव्यापेक्षा गरम लागला तर अजून आत दुखतंय. मग खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं दाबून नाडी बघायची. फेब्रुवारीत ती बोटांवर थडाथड आपटायची, आता शोधावी लागते. मग हुंगायचं. मग ओनोदेरांनी कानसीने मारलेल्या खुणेपासून शिवणाची टेप लावायची. नवा खूर आठवड्याला तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढा वाढतो. खरवडलेला भाग भरल्याशिवाय नाल बसणार नाही, आणि नाल नसेल तर नांगर नाही. सध्या सात दाणे झाले म्हण, अजून थोडे हवेत.

दहा तारखेला माझं प्लास्टर काढलं. पाय बारीक झालाय आणि त्याचा रंग जुन्या मुळ्यासारखा आहे. मी त्यावरही तळवे ठेवून पाहिले. डावा गरम लागला. डॉक्टर म्हणाले की असं काही तपासायची पद्धत नाही. मी त्यांना म्हटलं की ओनोदेरांची आहे.

माडीवरच्या खोलीबद्दल सुमिएचे आभार मान. समुद्र मला आवडतो, पण तो मला ओळखत नाही. पागेचं दार उघडलं की इथे कुणीतरी मान वळवून बघतं. हे गेल्यापासून मला दिवसातून तेवढं एकदा हवं असतं. इवाओ गेला तर मी तुझ्याकडे येईन, हट्ट करणार नाही. पण ओतारूत तुझ्या घरी जी येईल ती बहुधा मी नसेन.

आशीर्वाद आहेतच.
मिसाओ

*

तोकाची
४ एप्रिल १९६६

चि. तोकुजीस,
अ. उ. आशीर्वाद.

सोबत दोन किलो साखर. माझा पाय बरा झाला.

समाचाराला आलेल्या बत्तीस घरांतही आजच पोचली. ओनोदेरा आपल्या गाडीवरून वाटून आले. बरं झाल्यावर समाचाराला आलेल्यांना साखर वाटावी, त्यांनी ती वापरून संपवली म्हणजे दुखणंही संपलं, असं आई म्हणायची ते तुला आठवत असेल.

कळावे, लोभ असावा. साखर लवकर संपवावी.
मिसाओ

*

तोकाची
१७ एप्रिल १९६६

श्री. तोकुजी यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही. आपण दोन गोष्टी खऱ्याखुऱ्या कळवायला सांगितल्यात.

एक, घोडा. पुढचा डावा खूर थंड आहे. नाडी शांत. वास नाही. नवा खूर चांगला, दाट. परवा नाल ठोकली, सहा खिळे, सगळे धरले. काल शाळेपुढच्या दगडी रस्त्यावर चालवून पाहिला. लंगडत नाही. पाऊल सरळ पडतं. घोड्याबद्दल मी कुणाशीही खोटं बोलत नाही, मालकाशी तर नाहीच.

एक गोष्ट राहिली. दर दहा पावलांनी घोडा थांबतो. मी खूर तीनदा तपासला. दोष नाही. लगाम मी धरला तर थांबत नाही. मिसाओताईंनी धरला की थांबतो, थोडा वेळ उभा राहतो, मग त्या निघाल्या की निघतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

दोन, मिसाओताईंचा पाय. मी नालबंद आहे, माणसांच्या पायातलं मला कळत नाही. शिवाय चार तारखेला माझ्या घरी साखर आली. ती आम्ही घेतली आणि वापरली. ज्याने साखर घेतली त्याने पायाबद्दल बोलायचं नसतं. आमच्या गावात सध्या कुणीच बोलत नाही. सोसायटीच्या बैठकीला ताई आल्या, तेव्हा त्या आपल्या जागेवर बसेपर्यंत तेवीस माणसं छताकडे बघत होती. छताला काही झालेलं नव्हतं.

पत्रात चूकभूल असल्यास क्षमा असावी.

आपला,
ओनोदेरा, नालबंद

*

ओतारू
२२ एप्रिल १९६६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या साखरेचं पार्सल आलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेला महिना अजून पुरा झाला नव्हता. बरं होण्याआधी बरं झाल्याची साखर वाटणारी बाई मी या जन्मात पाहिली नव्हती. लहानपणी गोवर आला असताना तू आईला अशीच फसवून शाळेत गेली होतीस, आणि अर्ध्या वर्गाला गोवर दिला होतास.

मी सुमिएला म्हटलं की डबा फोडू नकोस, ही साखर परत करायची आहे. ती म्हणाली की तिने पार्सल आलं त्याच दिवशी त्यातली निम्मी घालून काळे घेवडे शिजवले आणि मी दोनदा मागून खाल्ले. मग मी ओनोदेरांना लिहिलं, म्हटलं निदान एक माणूस तरी खरं सांगेल. त्यांनी खरं सांगितलं. त्यांचं पत्र मी तीन वेळा वाचलं. दर दहा पावलांपाशी येऊन मी थांबत होतो.

ओबिहिरोच्या व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं आहे.

ताई, मी घोड्यांना भितो. घोड्याने तुझ्यापाशी थांबावं आणि भावाने व्यापारी धाडावा, याची मला लाज वाटली. हे एकदा लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

आता कामाचं. मी पाच मेला येतोय, दोन आठवड्यांची रजा काढून. तुला मदत करायला येत नाहीये, बऱ्या झालेल्या माणसाला मदत कशाला लागेल? मी माझा घोडा बघायला येतोय. तो कागदोपत्री माझा आहे. नांगरताना त्याच्या खुरावर नीट लक्ष ठेवायचं तर मालकाला नांगरामागून चालावंच लागणार. तू बांधावर खोक्यावर बसून मला काय चुकतंय ते ओरडून सांग. तेवीस माणसांना छताकडे बघायचं तर मे महिन्यात शेतावर छत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तुझा,
तोकुजी

*

तोकाची
२७ एप्रिल १९६६

चि. तोकुजीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

ये. घोडा तुझाच आहे, हवा तेवढा बघ. त्याच्या मागे उभं राहू नकोस, अंगठा दोरीत अडकवू नकोस आणि भीती वाटली तर मोठ्याने बोलत राहा, तुझा आवाज बाबांसारखा आहे. त्याला तू चालशील.

पाय दुखतो रे. पहाटेपासून दुखतो. हे मी इथे कुणालाही सांगू शकत नाही, सगळ्यांनी साखर खाल्ली आहे. तूही खाल्लीस, पण तू पाठचा भाऊ आहेस, तुला सांगून चालतं. पत्र वाचून जाळून टाक.

येताना एक काम कर. माझा डावा पाय जुन्या रबरी बुटात जात नाही. सूज डॉक्टर म्हणतात तशी उतरेलही, पण मला वाटतं ती तुझ्या सुजेसारखी राहायलाच आली आहे. तेव्हा बुटांचे दोन जोड घे. एक माझ्या नेहमीच्या नंबरचा, चोवीस. दुसरा पंचवीसचा, तुझ्या उजव्या पायाचा. लहान उजवा आणि मोठा डावा मी घालीन. मोठा उजवा आणि लहान डावा तू घाल. वर्तमानपत्र आणायची गरज नाही.

तुझी ताई,
मिसाओ