तडजोडीच्या रांगेत भेटलेली इंदुमती

मी, शेखर सावळीराम खैरनार, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, मूळ राहणार सटाणा, हल्ली राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवण झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझी प्रकृती उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात थोडी साखर आहे असेही म्हटले आहे, ते रक्ताबद्दल आहे, स्वभावाबद्दल नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट, "आत्ताच कशाला हे अभद्र?" म्हणून माझी पत्नी गेला आठवडाभर माझ्याशी धड बोललेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत माझ्यामागे उरण्यासारखे माझे क्रेडिट कार्डांचे कर्ज तेवढे होते, आणि ते कोणी हौसेने घेतले नसते.

कलम १. माझी प्रथम पत्नी सुनंदा २०११ साली आजारपणात वारली. तिच्यापासून मला एकच मुलगी, वेदिका, वय एकोणतीस, हल्ली जर्मनीत नोकरीस. २०२३ साली मी इंदुमती गांगुर्डे यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. या दोघींशिवाय मला वारस नाही.

कलम २. सातपूर येथील माझा राहता फ्लॅट, जो मी स्वकष्टार्जित पैशातून घेतला आहे, तो माझ्या पश्चात पूर्ण मालकी हक्काने इंदुमतीला मिळावा. वेदिकाची याला संमती आहे. किंबहुना हे कलम आधी तिनेच सुचवले.

सटाण्याकडची काही मंडळी म्हणतील की बाई कालपरवा आली आणि घर घेऊन बसली. त्यांच्यासाठी हे घर कसे टिकले ते इथेच सांगतो. वकीलसाहेब म्हणाले, "मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत." मी म्हटले, फी तीच आहे ना, मग लिहू द्या.

२०१९ साली लग्नाचे प्रत्येक गिऱ्हाईक मला दुसऱ्या कोणाच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवून म्हणायचे, "काका, अस्सं पाहिजे." मी कार्डावर दोन कॅमेरे, लेन्सा आणि ड्रोन घेतला. पुढच्या वर्षी लग्नेच बंद झाली. मी दर महिन्याला बिलावर छापलेली कमीत कमी रक्कम भरत राहिलो, आणि तीही भरता येईना तेव्हा एका कार्डातून काढून दुसऱ्यात भरू लागलो. दोन वर्षांत दोन बँकांची चार कार्डे झाली आणि व्याजावर व्याज चढून कर्ज असे फुगले की माझ्या वर्षभराच्या कमाईने त्याला ओरखडासुद्धा निघाला नसता.

वसुलीचे फोन सुरू झाले. स्टुडिओत ते माहेनूर घ्यायची. माहेनूर शेख गेली अठरा वर्षे माझ्याकडचे अल्बम आणि व्हिडिओ तयार करते. "सर डार्करूममध्ये आहेत," असे ती साखर घोळून सांगायची. आमची डार्करूम बंद होऊन तेव्हा एक तप लोटले होते. वेदिकाला मात्र मी काही कळू दिले नव्हते. तिची जर्मनीतल्या शिक्षणाची तयारी चालली होती, आणि शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून माझे नाव लागणार होते.

अशात शहरातल्या एका कर्जमुक्ती सल्लागाराची जाहिरात पाहून मी त्याच्या कार्यालयात गेलो. गृहस्थ टाय लावून बसले होते. त्यांनी आधी पाणी विचारले, मग म्हणाले, "उद्यापासून बँकेला एक रुपया भरायचा नाही, बँकेचा फोन उचलायचा नाही. दरमहा आमची फी भरा. निम्म्याहून कमीत सगळं मिटवून देतो." इतक्या दिवसांत माझ्याशी गोड बोलणारे ते पहिलेच. सोमवारी पहिली फी घेऊन येतो असे सांगून मी उठलो.

शनिवारी जिल्हा न्यायालयात लोकअदालत होती. एका बँकेने मला तिथली नोटीस पाठवली होती. मी घाबरत गेलो आणि बाकावर बसलो. शेजारी एक बाई डब्यातून चिवडा खात होत्या. तापाच्या रोग्याला विचारावे तसे त्यांनी मला विचारले, "किती कार्डं?"

"चार."

"माझी दोन. आईचं दुखणं मोठं होतं. आई गेली, कार्डं राहिली. घ्या चिवडा."

मी त्यांना म्हटले की माझे काम सोमवारी एक सल्लागार मिटवणार आहेत. त्यांचा हात डब्यातच थांबला.

"टाय लावतो? आधी पाणी विचारतो?"

"हो, तेच."

"सहा महिने फी भरली मी त्याला. बँकेत जाऊन विचारलं तर बँकेला त्याचं नावही ठाऊक नाही. फोन न उचलल्यामुळे दंड चढला तो निराळाच." एवढे बोलून त्या हसल्या. फसवणूक झालेले माणूस इतके मोकळे हसताना मी प्रथमच पाहिले. "म्हणून आज स्वतः आले. तडजोडच करणार आहे, पण थेट बँकेशी, माझ्या तोंडाने."

तडजोड या शब्दाची मला लाज वाटत होती. मी म्हटले, "मी फ्लॅट विकून पुरती रक्कम भरावी म्हणतो. आमच्या वडिलांनी कधी कोणाचं बुडवलं नाही."

"तुम्ही तरी कुठे बुडवताय? घेतलेले पैसे द्या, वर झेपेल तेवढं व्याज द्या. व्याजावरच्या व्याजापायी घर विकून राहणार कुठे, कॅमेऱ्याच्या पिशवीत?"

"मग कॅमेरे विकतो."

"आणि कमावणार कशाने?"

एवढे विचारून त्यांनी मला दुसरी बाजूही सांगितली, जी टायवाल्याने सांगितली नव्हती. तडजोड केली की आपल्या नावापुढे तशी नोंद राहते आणि काही वर्षे कोणतीही बँक सहजासहजी कर्ज देत नाही.

"नाही मिळालं तर बरंच झालं," मी म्हटले.

"तुमचं बरं होईल हो. घरात कुणाला लागणार आहे का?"

वेदिकाच्या कर्जाला तर माझेच नाव लागणार होते. मी टेबलाशी जाऊन पुढची तारीख मागून घेतली. त्यांचे प्रकरण त्याच दिवशी मिटले. कागदावर सही करून त्या बाहेर आल्या त्या उरलेला चिवडा सगळ्या बाकांना वाटतच.

संध्याकाळी मी वेदिकाला समोर बसवून सगळे सांगितले. तडजोड केली तर तिच्या कर्जाला मी चालणार नाही, हेही सांगितले. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे एकट्याने वागवत होतात?"

"तुझं जायचं ठरलंय ना."

"जर्मनी कुठे पळून जात नाही. हे घर गेलं तर मी सुट्टीला येऊ कुठे? आधी तुमचं मिटवा."

तिने ओझरच्या कारखान्यात नोकरी धरली. दोन वर्षांनी स्वतःच्या पगारावर, मामांना सहकर्जदार घेऊन, ती जर्मनीला गेलीच. त्या संध्याकाळी मात्र मी गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या टॉवेलात तोंड खुपसून रडलो, आणि नंतर आम्ही दोघांनी दाबून पावभाजी खाल्ली.

पुढच्या तारखेला इंदुमतीबाई न बोलावता आल्या. त्यांचे काहीच काम नव्हते. "तुम्ही घाबरून पहिल्या आकड्याला हो म्हणाल, म्हणून आले," म्हणाल्या. आम्ही दोघे टेबलासमोर बसलो. पलीकडे न्यायाधीश मॅडम, एक वकील आणि एक समाजसेवक. बाजूला बँकेचा अधिकारी.

मॅडमनी विचारले, "या कोण आपल्या?"

मला 'ओळखीच्या' म्हणायचे होते. तोंडातून निघाले, "घरच्या."

इंदुमतीबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग पदर सारखा करून अधिकाऱ्याला म्हणाल्या, "हो. आणि घरात हिशेब मी बघते, तेव्हा आकडा मला सांगा."

त्याने सांगितला. बाईंनी मान हलवली. त्याने खाली आणला. बाई म्हणाल्या, "लग्नसराई तोंडावर आहे, यांचे कॅमेरे शाबूत आहेत, हे कमावून भरतील. पण तीन हप्त्यांत आणि झेपेल तेवढंच." मॅडम हसू दाबत होत्या. शेवटी मुद्दल आणि वर थोडे, एवढ्यावर मिटले. दुसऱ्या बँकेच्या टेबलाशी तर कोणी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "मी यांच्या घरची."

बाहेर चहाच्या टपरीवर मी म्हटले, "न्यायाधीशांसमोर आपण दोघं खोटं बोललो."

"सुरुवात तुम्ही केलीत."

"ते खरं करायचं असेल तर...?"

"आधी हप्ते भरा," त्या म्हणाल्या. "मग बघू."

मी ड्रोन विकला, तसाही तो मला नीट उडवता येत नव्हता. त्या हंगामात एक लग्न सोडले नाही. दोन्ही बँकांची काही येणे नसल्याची पत्रे हाती आली त्या सकाळी पेढे घेऊन त्यांच्या रुग्णालयाच्या फाटकाशी उभा राहिलो. रात्रपाळी संपवून त्या बाहेर आल्या, पत्रे दोनदा वाचली, पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "विचार पक्का ना? माझ्या नावापुढेही तीच नोंद आहे. आपल्याला दोघांनाही कोणी कर्ज देणार नाही."

"मग लग्न रोखीतच करू," मी म्हटले.

तर घर असे टिकले. ते तिला मिळावे.

कलम ३. माझ्या ठेवी आणि सुनंदाचे सर्व दागिने वेदिकाचे. तिच्या लहानपणीच्या फोटोंच्या दोन पेट्याही तिच्याच. त्यातले नागडे फोटो तिने फाडायचे नाहीत, ही अट आहे.

कलम ४. स्टुडिओतील कॅमेरे, संगणक, दिवे, पडदे आणि गिऱ्हाइकांची ओळख माहेनूर शोएब शेख हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पाटीवरचे माझे नाव तिने काढले तरी चालेल. अठरा वर्षे गिऱ्हाइके तिचे काम बघून यायची आणि आभार माझे मानायची.

कलम ५. सटाण्याच्या जमिनीतला माझा निम्मा हिस्सा धाकटा भाऊ दिनेश याला द्यावा. वसुलीवाल्यांनी त्यालाही फोन केला होता. त्याने मला एकट्याला गाठून विचारायचे सोडून पुतणीच्या हळदीत, माइक चालू असताना, साऱ्या मांडवाला आमच्या अहिराणीत ऐकवले, "भाऊ, तुना बँकवाला मना मांगे लागेल शेतस!" मी दोन वर्षे त्याच्याशी बोललो नाही. पण त्या जमिनीत राबतो तो, कांदा पिकवतो तो, आणि माझ्या लग्नाला सर्वांत आधी येऊन सर्वांत जास्त नाचला तोही तोच. जमीन त्याची. माइक मात्र त्याच्या हातात पुन्हा कोणी देऊ नये.

कलम ६. टायवाल्या सल्लागारांना मी काही ठेवत नाही. त्यांनी इंदुमतीकडून आधीच घेतले आहे. वसुलीवाल्यांपैकी एका मुलीचे मात्र आभार मानायचे राहिले. धमकीचे ठरलेले वाक्य म्हणताना तिला माझा खोकला ऐकू आला, आणि वाक्य अर्धे सोडून ती म्हणाली, "काका, काढा घेता का?" नाव विचारायचे सुचले नाही. ती कुठे असेल तिथे तिचे चांगले होवो.

कलम ७. आज रोजी माझ्यावर कोणाचेही देणे नाही. पुढे कोणी फोनवर माझ्या नावाने पैसे मागितले तर घाबरून देऊ नयेत, लेखी मागावे. बँकांची पत्रे कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. आणि आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आलीच, तर तडजोड करावी की पुरते फेडावे हे एकट्याने ठरवू नये. घरात ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याला आधी सांगावे. आम्हा दोघांना तडजोड मानवली, दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

कलम ८. माझ्या पश्चात इंदुमतीने पुनर्विवाह केल्यास घरावरचा तिचा हक्क संपुष्टात येईल, असे वाक्य वकीलसाहेबांनी छापील नमुन्यातून घातले होते. ते मी खोडायला लावले आहे. तिने जरूर लग्न करावे, घर तिचेच राहील. येणाऱ्या गृहस्थांसाठी एवढीच सूचना आहे की तिने आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या आहेत, तिला सकाळी आठच्या आत उठवू नये. पहिला चहा त्यांनी करावा. आले जास्त, साखर कमी, आणि कप तिच्या डाव्या हाताला ठेवून गुपचूप बाहेर यावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे, म्हणून साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

शेखर सावळीराम खैरनार (सही)

साक्षीदार:
१. सोमनाथ धोंडीराम पगार, निवृत्त एसटी वाहक, शेजारी (सही)
२. खाजा इब्राहिम मणियार, स्टुडिओशेजारचे बांगड्यांचे दुकानदार (सही)

स्थळ: नाशिक
दिनांक: ११ डिसेंबर २०२५