टाचणीचा माज

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असेल, भावोजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल आणि तुझ्या दवाखान्यात मुकी जनावरं नेहमीसारखी शहाण्यासारखी बसून राहत असतील, अशी आशा करतो. (माझ्याकडची बोलकी बसत नाहीत.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, तुझी भावजय आणि टाचणी मांजर. गेले दोन महिने मी तुला एकदाही फोन केला नाही, यावरून मी रागावलो आहे असा अर्थ तू काढला असशील, तर तो अगदी बरोबर काढलास. तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा टाचणीला जेमतेम साडेचार महिने झाले होते. तू तिला उचललंस, उलटीपालटी केलीस आणि म्हणालीस, हिचं ऑपरेशन महिन्याभरात उरकून टाक, नाहीतर पंचाईत होईल. मी म्हणालो, अगं लेकरू आहे ते अजून, कधी करायचं ते मी बघेन, मीसुद्धा डॉक्टरच आहे. त्यावर तू जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, एकच शब्द बोललीस: "दातांचा." तो शब्द मला लागला. फोनवर तुझं हसू ऐकावं लागतं, पत्रात ते ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

तर गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी टाचणीचं वागणं बिघडलं. एरवी ही बया माणसाला ओळख न देणारी. अंगाला हात लावला तर लावलेली जागा चाटून स्वच्छ करणारी. त्या दिवशी मात्र सकाळपासून माझ्या पायात घोटाळायला लागली. टेबलाचा पाय, दाराची चौकट, माझे बूट, जे दिसेल त्यावर गाल घासत होती. मला वाटलं, सहा महिन्यांनी का होईना, पोरीला माझी किंमत कळली. (तुझी भावजय म्हणाली, बुटाचीही कळलेली दिसतेय.) दुपारी तिने वाडग्यातलं खाणं तसंच टाकलं, जमिनीवर अंग टाकून गडबडा लोळायला लागली, आणि मग घशातून असा काही आवाज काढला की माझ्या हातातला चहा बशीत आला. मी रीतसर तपासणी केली. म्हणजे आधी अर्थातच दात पाहिले. आरशाने पाहिले, दिवा लावून पाहिले. दुधाचे पडून नवे आले होते आणि इतकी सुरेख दंतपंक्ती मी माझ्या एकाही पेशंटच्या तोंडात पाहिलेली नाही. दात ठीक म्हटल्यावर मी पाठीकडे वळलो. शेपटीच्या बुडाशी जरा दाबलं मात्र, तिने पुढचं अंग जमिनीला टेकवलं, मागचं वर उचललं, शेपूट एका बाजूला केली आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावलं टाकायला लागली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी निदान केलं: मणका. तुझ्या भावजयीला बोलावून चार वेळा दाबून दाखवलं आणि दोन दिवस गरम कपड्याने शेकत बसलो. (ताई, तू आत्ता हसते आहेस. मला इथे दिसतंय.)

आता तुला माहीत आहे, आमचं घर आणि माझा दवाखाना यांच्यामध्ये एकच दार आहे, आणि तेही पातळ. शनिवारी खुर्चीत बँकेतले एक साहेब होते. सभ्य माणूस, दाढेचं काम, अर्धं झालेलं, निम्मा जबडा बधिर. तेवढ्यात दारापलीकडून टाचणीने सूर लावला. साधा म्यांव नव्हे, कोणीतरी कोणालातरी शेवटची हाक मारत असल्यासारखा लांबलचक. साहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बोबड्या तोंडाने विचारलं, "आत कोण आहे?"

मी ड्रिलची सुई बदलत होतो. म्हणालो, "घरचीच आहे."

"काय होतंय त्यांना?"

"परवापासून असंच चाललंय. पाठ दाबली की जास्तच ओरडते. खात नाही, पीत नाही. मी दार लावून ठेवलंय, नाहीतर बाहेर पळेल."

साहेब उठले. गळ्यातल्या निळ्या रुमालासकट, तोंडातल्या कापसासकट उठले आणि बाहेर बसलेल्या तिघांना सांगत गेले. काय सांगितलं ते त्यांच्या बधिर जिभेमुळे कोणाला नीट कळलं नसावं, पण दोघं त्यांच्यामागून गेले. तिसऱ्या आजींना कमी ऐकू येतं, त्या राहिल्या.

दवाखान्यात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या बाई (त्यांच्या माहेरी गोठा आहे, हे मला नंतर कळलं) हत्यारं उकळता उकळता शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तिला माज आलाय." मला वाईट वाटलं. मी म्हणालो, बाई, असं बोलू नये, ती स्वभावाने फार साधी आहे, कधी कोणाशी तोऱ्यात वागली नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. (असं मिटणं माझ्या पेशंटना जमलं तर काम किती सोपं होईल!) तरी मी त्यांना पाच मिनिटं मुक्या प्राण्यांबद्दल आदराने कसं बोलावं हे समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, हत्यारं पुसून ठेवली आणि खिडकीबाहेर बोट केलं. कुंपणाच्या भिंतीवर एक थोराड बोका बसला होता. फाटका कान, कढईएवढं तोंड, आणि साइट पाहायला आलेल्या ठेकेदारासारखी नजर. संध्याकाळपर्यंत भिंतीवर तिघे झाले, पण ठेकेदार तो ठेकेदारच.

सोमवारी तिला टोपलीत घालून इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरसवदा आहेत, पण हात चांगला. मी मणक्याची सगळी हकिकत सांगितली, शेकल्याचंही सांगितलं. त्यांनी पाठीवरून एकदा हात फिरवला, टाचणीने लगेच शेपूट बाजूला केली, आणि त्या म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही, काका. माजावर आलीय."

"पण ती तशी नाही हो," मी म्हणालो.

मग त्यांनी भरल्या दवाखान्यात, एक कुत्रा आणि दोन ससे यांच्यासमोर, मला समजावून सांगितलं. लोळणं, गाल घासणं, लाडात येणं, हे आवाज, मागचं अंग उचलणं, खाण्यावरून लक्ष उडणं, दाराकडे धावणं, सगळं त्याचंच. रक्तबिक्त काही दिसत नाही, त्यामुळे नवखी माणसं दुखणं समजतात. आठवडाभर चालेल, थांबेल, आणि ऑपरेशन केलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू. माजावर असताना ऑपरेशन करता येतं, पण आत रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून हे ओसरून आठवडा गेला की करू. तोवर दारं-खिडक्या बंद. "आणि काका," त्या म्हणाल्या, "पाठ दाबू नका."

तेव्हापासून मी दारं-खिडक्यांवर असा पहारा दिला की तुझ्या भावजयीला दूध घ्यायलासुद्धा कडेकडेने बाहेर जावं लागे. रविवारी आवाज थांबले. टाचणी आता पूर्ववत मला ओळखत नाही. ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. तू म्हणाली होतीस तेव्हाच केलं असतं तर बरं झालं असतं, हे मी इथे एकदा लिहितो आहे. पुन्हा लिहायला सांगू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पहाऱ्याबद्दल वर लिहिलं त्यात थोडी भर. मंगळवारी मागचं दार मी उघडं टाकलं. टाचणी घरात सापडेना. मी अंगावरच्या अ‍ॅप्रनसकट, हातात चिमटा, गल्लीभर हाका मारत फिरलो, तर ती धोब्याच्या पत्र्यावर ठेकेदाराच्या शेजारी बसलेली. मला पाहून दोघं पलीकडे उतरले. तासाभराने घरी आलो तर ही आपली पलंगावर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर काय सांगू? मांजर गाभण आहे हे किती दिवसांत कळतं?

ता. क. २. हजारो दात उपटले, कधी कचरलो नाही. पण बुधवारी मला तिथे आत उभं राहवणार नाही. तू येशील का? डॉक्टरीणबाईंना मी विचारलंय, तू केलंस तर त्यांना आनंदच आहे. मी बाहेर बसेन.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितेय. पत्र टपालात मीच टाकणार आहे, त्यामुळे यांनी हे वाचायचा प्रश्न नाही. मंगळवारी टाचणी कुठेही गेली नव्हती. धुतलेल्या चादरींच्या कपाटात झोपली होती, मी स्वतः पाहिली. पत्र्यावर होती ती धोब्याची मांजर, रंग तोच, पण अंगाने दुप्पट. यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर यांची धास्ती संपली असती आणि यांनी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं, आणि दोन महिने रोज फोनपाशी जाऊन परत फिरणारा माणूस मला आणखी पाहवत नव्हता. तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मंगळवारीच या. जेवताना टाचणीबद्दल बोलू, दातांबद्दल नको.