हाड परत येतं का?

आई, हा प्रश्न मला पहिल्यांदा तूच विचारलास. शेलूच्या आपल्या स्वयंपाकघरात तू दुधात भाकरी कुस्करत बसली होतीस. खालचे दात जाऊन वर्षं झाली होती, जबड्याचं हाड झिजलं होतं आणि मी करून आणलेली कवळी काही केल्या ठरत नव्हती. मी नुकतीच दाताची डॉक्टर झालेली. तू म्हणालीस, "मोडलेला हात जुळतो ना गं? मग ह्ये हाड का नाय उगवत?" मी म्हटलं, "झिजलेलं हाड परत येत नाही." मान वर न करता तू म्हणालीस, "येत नाय, का तुला आणता येत नाय? दोन्ही येगळं हाय."

गेल्या वर्षी कर्जतच्या माझ्या दवाखान्यात एक बँडवाला आला. ट्रम्पेट वाजवायचा. शिळफाट्याला मोटारसायकल घसरून त्याचे वरचे पुढचे दात गेले होते, आणि ते धरून ठेवणारं हाडही. "मॅडम, फुंकली की ओठ आत जातो. माझ्या जागी दुसरा उभा केलाय." स्क्रू बसवून दात लावता आले असते, पण स्क्रूला धरायला हाड हवं. म्हणून आधी हाडाचं कलम करायचं, म्हणजे गेलेल्या हाडाच्या खड्ड्यात हाडाचा तयार रवा भरायचा, असं ठरलं.

त्याच्याच हातातून रक्त घेऊन मी ते यंत्रात फिरवलं. तांबडा भाग नळीच्या तळाशी बसतो, वर पिवळट, जेलीसारखा गोळा धरतो. त्यात अडकलेल्या प्लेटलेट वाढीचे घटक सोडतात. आजूबाजूच्या पेशींना कामाला लावणारी प्रथिनंच ती. तो नळीकडे टक लावून बघत होता. "ह्ये माझ्यातलंच?" "तुमचंच." हाडाच्या रव्यात मी त्यातला बराचसा गोळा कालवला, खड्ड्यात भरला, उरलेला चपटा करून वर पांघरला आणि टाके घातले. हिरडी बघता बघता जुळली. हाडाला मात्र महिने लागले, आणि तेवढे महिने त्यानं ट्रम्पेटला तोंड लावलं नाही.

एक्स-रेत काळ्या जागी पांढरं दिसलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. पुढे स्क्रू बसला, दात लागले. आणि एका सकाळी दवाखान्याच्या दारात उभा राहून तो फुंकतोय. पहिला सूर फाटतो. दुसरा लांबत जातो, रिक्षावाले वळून बघतात.

"त्या पिवळ्या गोळ्यानंच झालं ना?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं, "हिरडी बहुधा त्याच्यामुळे लवकर भरली. हाडाचं नक्की नाही सांगता येत. नुसत्या कलमानंही भरलं असतं." तो हसला, "मंग कशानं झालं ह्ये तुमी कसं शोधनार?" तेव्हापासून वाचतेय. कुणी म्हणतं फरक पडतो, कुणी म्हणतं फारसा नाही. इतकी वर्षं हे काम करून मला एवढी उत्सुकता कधी वाटली नव्हती.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. सगळ्यांना मी सांगत असते, आई असती तर हे आधी तिच्यावरच केलं असतं. तसं नाही गं. तुझ्या हिरडीवर सुरी ठेवायला माझा हात धजलाच नसता.