‘मागे’ चालत नाही

सोमवार, ५ फेब्रुवारी २००७
काल उदगीरहून पुण्याला आले. नातीचं, नम्रताचं घर कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर. ऊन येतं, नळाला पाणी आहे, शेजारी तोंड उघडत नाहीत. एकूण बरं आहे.

नम्रता कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि घरी येऊन पुन्हा तेच, पण फुकट. नवी सिस्टिम बाजारात यायच्या आधी जुन्या कॉम्प्युटरवर चढवून बघायची, चुकलं तर कळवायचं. असे रिकामटेकडे जगभर आहेत म्हणे. मराठीतून तपासायला तिला माझ्यासारखी चौथी पास हवी होती. ती रोज नवी सीडी ठेवून जाणार. मी घालायची, काहीही विचारलं तरी ‘पुढे’ दाबायचं आणि काय झालं ते इथे लिहायचं.

मंगळवार, ६
भाषा विचारली, गाव विचारलं, नाव विचारलं. मथुराबाई लिहीपर्यंत चहा गार झाला. मग म्हणे, जुनं सगळं पुसलं जाईल. ‘पुढे’. एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली, वर लिहिलेलं, ‘कृपया वाट पाहा’. बाबा रे, मी दिवसभर दुसरं करते काय?

शेजारच्या श्यामलाबाईंना शेंगांची चटणी नेऊन दिली. वाटी दारातूनच घेतली आणि म्हणाल्या, आपल्याकडे बेल वाजवायची पद्धत नाही वाटतं.

गुरुवार, ८
आजच्या सीडीने विचारलं, जेवण झालं का? पुण्यात आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं, नातीनेही नाही. ‘झालं’ लिहिलं. मग विचारलं, शेजार कसा आहे? लिहिलं, श्यामलाबाई आहेत, तोंड कारल्याचं. खाली आलं, ‘श्यामला काढायची?’ सांगितल्याप्रमाणे ‘पुढे’ दाबलं.

नम्रता म्हणाली, असले प्रश्न त्यात नाहीतच आजी, भाषांतर मीच केलंय, तुझा डोळा लागला असेल.

शुक्रवार, ९
वाटी आणायला गेले. शेजारच्या दाराला कुलूप. पाटी नाही. कडीवर बोटभर धूळ. वॉचमन म्हणतो, हा फ्लॅट बांधल्यापासून रिकामाच आहे.

नम्रताला विचारलं. म्हणाली, कोण श्यामलाबाई? मला वाटलं थट्टा करतेय. करत नव्हती.

सोमवार, १२
सीडी घातलीच नाही. पिठाच्या डब्यात लपवली. कॉम्प्युटर आपला आपण सुरू झाला.

घरात माणसं किती? मी हात लावला नाही. त्यानेच भरलं, दोन.
‘जागा एकाचीच आहे. नम्रता काढायची? उत्तर न आल्यास होकार समजला जाईल.’

‘मागे’ दाबलं. चालत नाही. वायर उपटली — पडदा चालूच. पट्टी भरतेय.

दुपार
नम्रताच्या ऑफिसात फोन केला. या नावाचं इथे कोणी नाही म्हणाले. तिच्या मोबाईलवर केला. ती म्हणाली, कोण बोलतंय, आवाज येत नाही — आणि गेलाच.

दांडीवर तिचे कपडे सकाळी मीच वाळत घातले. एकेक कमी होतोय. ओढणी आत्ता होती —

परत
चौकटीतलं नाव खोडता येतं. खोडलं. रिकामं ठेवलं की पुन्हा तिचंच येतं. वॉचमनचं घालून बघितलं. घेत नाही. घरातलंच हवं, म्हणतंय मेलं.

मग माझंच. म — चष्मा कुठे — थुरा —

‘पुढे’ दाबलं.

ओढणी आली. सगळे कपडे आले. माझं लुगडं दांडीवर नाही.

रडत बसायला सवड नाही. वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे, भाकरी दुरडीत. ती भुकेली येईल, जेवेल, आणि मग विचारेल की हे कोणी करून ठे —