उजव्या डोळ्याने तपासलेली हद्द

दिग्रस
९ जुलै २०२५

चि. भारत यास शोभाचे आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत, ते तू ठरव.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या आईचे, धनीबाईंचे गुडघे कसे आहेत? तुझ्या मुलीला, वर्षाला, बारावीत चौऱ्याऐंशी टक्के मिळाल्याचं मला बाहेरून कळलं. तू कळवलं नाहीस. असो.

इथे नेहमीचंच, नळाला तीन दिवसांआड पाणी. सकाळपासून चौथ्यांदा या पत्राला बसते आहे. मध्ये दूध तापवलं, कपाट आवरलं, उगाच फाटकापर्यंत जाऊन आले.

परवा यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. दोन तास बसवलं. डॉक्टर म्हणजे शाल्मली नावाची पोरगी, मला सरळ "आजी" म्हणाली! चौकटींचा कागद हातात देऊन डावा डोळा झाकायला लावला. मी म्हटलं, "छपाई भिकार आहे, मधल्या रेघा वाकल्यात." ती म्हणाली, "आता उजवा झाका."

रेघा सरळ होत्या.

"वयानं डोळ्याच्या पडद्यामागे कचरा साचतो, आजी. तो काढायला शरीराच्या पेशी धावतात. पण कधीकधी त्या थांबतच नाहीत. दाह होतो, आणि त्या दाहामुळे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कच्च्या असतात त्या. पाझरतात, पडदा सुजतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते."

"म्हणजे साफसफाईला आलेल्यांनीच घर बिघडवलं?"

"तसंच काहीसं."

मला वाटलं, टोमणा मारतेय. तिला बिचारीला काय माहीत! दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचंय, पहिलं घेतलं. हे केव्हापासून, विचारलं तर म्हणाली, चार-पाच महिने तरी झाले असतील.

फुलसावंगीचा नकाशा तू मार्चअखेर आणला होतास.

माझ्या भावाचं, सदाशिवदादांचं शेत आणि देवीलालचं शेत, मधली हद्द तू मोजलीस. मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशे तपासले तसाच मी तो नकाशा तपासला. कागद डोळ्याच्या पातळीत धरायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्याने रेषेवरून नजर न्यायची. तुलाही मीच शिकवलं. रेषा आमच्या शेतात घुसलेली दिसली. तू म्हणालास, "मॅडम, सरळ हाये. पट्टी लावून पाहा न." मी म्हणाले, "तू मला पट्टी शिकवणार?" आणि तुझ्याविरुद्ध अर्ज केला.

चांगला डोळा मिटून, भारत. काल डावा उघडा ठेवून पट्टी लावली. रेषा सरळ आहे.

सदाशिवदादा म्हणतात, "आता कायले उकरून राह्यली? लोकं हसतील." हसू देत. त्यांची नजर देवीलालच्या बांधावर आहे, ती कुठल्या इंजेक्शनने बरी व्हायची नाही.

सोमवारी तुझी चौकशी आहे. नोकरीवर बेतलंय, तेही माहीत आहे. अर्ज मागे घेतल्याचं पत्र आज कार्यालयात स्वतः देऊन आले, डोळ्याचा अहवालही जोडला. प्रत सोबत आहे. एवढ्याने तू सुटशील. खरं तर इथेच सही करून थांबणार होते.

पण अर्जात एक वाक्य होतं. "सदर कर्मचाऱ्याने आपल्या समाजाच्या माणसाचा फायदा व्हावा म्हणून..." अकरा वर्षं तू माझ्या समोरच्या टेबलावर बसलास. तुझ्या आईच्या हातच्या भाकरी मी मागून घेऊन खाल्ल्या. आणि रेषा वाकडी दिसताच मला आधी काय आठवलं, तर देवीलाल तुझ्या तांड्याचा आहे. हे डोळ्याचं दुखणं नव्हतं. अहवालात ते नाही, आणि त्याच्या आड मी लपणारही नाही.

सोमवारी मी येते आहे. साहेबांसमोर, दादांसमोर ते वाक्य वाचून दाखवीन, आणि ते माझ्या मनातून आलं, पुराव्यातून नाही, हे उभं राहून सांगेन. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस तरी चालेल. मला बाईसाहेब, मॅडम काही म्हणायची गरज नाही.

तुझी अपराधी,
शोभा