कुरासावा खिंडीची तयारी

१५ सप्टेंबर, रविवार

मिनोरीचा नागोयाहून फोन. नोव्हेंबरच्या जोडसुट्टीला घरी येते म्हणाली. म्हणाली, बाबा, कुरासावा खिंडीत जाऊ या, लहानपणी जायचो तसं, फक्त तू आणि मी. काहीतरी बोलायचंय, पण फोनवर नको, तिथे वर बसून बोलेन.

म्हटलं, अवश्य, पण गाडी आहे त्या अवस्थेत नेणार नाही. ती म्हणाली, का, काय झालंय गाडीला? काहीही झालेलं नाही, हीच तर गाडीची अडचण आहे. अशी छोटी फोर-बाय-फोर आमच्या इना शहरातल्या प्रत्येक दातांच्या डॉक्टरकडे आहे. खिंडीचा शेवटचा टप्पा म्हणजे नुसते दगड, वर दोन ओढे. मागे गेलो तेव्हा मिनोरी सहावीत होती. दुसऱ्या ओढ्यात गाडी रुतली आणि अळंबी गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याने ढकलून काढली. ती गोष्ट पोरगी अजून लोकांना हसत हसत सांगते. यंदा तिला दुसरी गोष्ट मिळेल.

सायोकोने विचारलं, तिला काय बोलायचं असेल हो? म्हटलं, प्रमोशन असणार.

२१ सप्टेंबर, शनिवार

निर्णय झाले. गाडी दोन इंच उचलायची. चिखलाचे टायर. पुढे विंच, दोराने ओढणारं यंत्र. छपरावर कॅरिअर. सगळं स्वतःच्या हाताने. कंपनीत जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये गेला, केसाएवढी चूक मी लांबून पकडतो. चार स्प्रिंगा बसवणं म्हणजे काय मोठं.

ठोकाठोक होणार म्हणून सायोकोने रीतीप्रमाणे समोर आणि दोन्ही शेजारी मिठाईचे डबे देऊन आगाऊ माफी मागितली. समोरच्या तोकोरो बाईंनी विचारलं, किती दिवस चालेल? मी म्हटलं, दोन शनिवार. सायोकोने बाजारातून आणखी डबे आणून कपाटात ठेवलेत. नवऱ्यावर विश्वास म्हणून नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

टायर आले. भव्य. व्हरांड्यात पाऊस येतो, म्हणून मिनोरीच्या खोलीत ठेवले. खोली रिकामीच असते. सायोको म्हणाली, अहो, तातामीवर डाग पडतील, गवताची चटई ती. खाली वर्तमानपत्र घातलंय. आणि तात्पुरतंच आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

स्प्रिंगा बसवल्या. एकट्याने. गाडी खाली उतरवली तर तोंड वर आणि मागची बाजू जमिनीला, बिस्कीट मागणाऱ्या कुत्र्यासारखी. पुढच्या मागे लागल्या, मागच्या पुढे. डब्यावर नीट लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लिहिलेलं होतं, पण डब्याच्या बुडाला.

पाठ धरली आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

काढून पुन्हा बसवल्या. या वेळी बरोबर.

फोर-बाय-फोरवाल्यांच्या क्लबातला निशिगोरी-सान आला होता. त्याचं जुन्या पार्टचं दुकान आहे. त्याला मूळच्या स्प्रिंगा देऊन टाकल्या. तो म्हणाला, मिनेगिशी-सान, नक्की ना? शाकेनला लागतील की. ठेवून घ्या, सगळेच ठेवतात. खरंय, सगळे ठेवतात. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी आली की गाडीवर गुपचूप जुने पार्ट चढवायचे, पास झाली की पुन्हा नवे. वाघाने वर्षाआड शेळीचं कातडं पांघरायचं, तसला प्रकार. मी म्हटलं, न्या तुम्ही. मी मागे वळून बघणाऱ्यातला नाही. माझं शाकेन पुढच्या वर्षी आहे, तेव्हाचं तेव्हा.

फक्त जुनी चाकं ठेवली, कारण त्याच्या टेम्पोत जागा नव्हती. मिनोरीच्या खोलीत. विंचसाठी बंपर बदलला, जुना तिथेच, पलंगावर.

१३ ऑक्टोबर, रविवार

पावसामुळे छपरावरचं कॅरिअर गाडीच्या शेडमध्येच बसवलं. उत्तम बसलं. गाडी बाहेर काढायला गेलो तर शेडची आडवी पट्टी आणि कॅरिअर एकमेकांना भेटले. तीन बोटांनी गाडी उंच. चारही टायरची हवा सोडली, सायोकोला मागून बघायला उभं केलं. ती म्हणाली, थांबा. मी थांबलो. पत्रा नाही थांबला.

आता गाडी बाहेर उभी असते आणि शेडमध्ये सायोकोची सायकल.

संध्याकाळी तोकोरो बाई दारात. अगदी नम्रपणे म्हणाल्या, तुमच्या गाडीचे दिवे फार छान आहेत, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये आम्हाला आता दिवा लावावाच लागत नाही. सायोकोने कपाटातला डबा काढला.

२० ऑक्टोबर, रविवार

विंचची चाचणी. दोर अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाला बांधला. अपेक्षा अशी की गाडी झाडाकडे जाईल. झाड गाडीकडे आलं.

विंच उत्तम आहे, यात शंका नाही. सायोको यंदा फळं सुकवायला टांगणार होती. आत जाऊन टांगायचा दोर गुंडाळून ठेवला. अशा वेळी घरात वावरायला भीती वाटते. पाडलेली फळं मीच टोपलीत भरली, पण अजून कच्ची होती.

दुपारी चढ-उतार मोजणारं गोल यंत्र काचेवर चिकटवलं. ड्रायव्हरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात बरी जागा मिळाली.

मिनोरीचा फोन सायोकोने घेतला. मी हात धुऊन येईपर्यंत ठेवूनही दिला. मिनोरीने विचारलं म्हणे, बाबा जमवतोय ना? सायोकोने सांगितलं, तुझ्यासाठीच चाललंय सगळं. हे बाकी तिने बरोबर सांगितलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

पेट्रोल पंपावरच्या पोराने काच पुसता पुसता म्हटलं, साहेब, हे यंत्र शाकेनच्या स्टिकरवर बसलंय, पोलीस अडवतील. यंत्र काढलं. स्टिकर बघितलं. ऑक्टोबरअखेर. यंदाचा.

सायोको म्हणते, ऑगस्टमध्ये आठवणीचं कार्ड आलं होतं, तुम्हीच जाहिरात म्हणून टाकलंत. असेल. पण त्या कार्डावर हसणाऱ्या अस्वलाचं चित्र होतं. महत्त्वाच्या कार्डावर अस्वल कशाला काढायचं?

घाबरण्याचं कारण नाही. बुधवारी रजा काढून स्वतः तपासणी करून आणतो.

३० ऑक्टोबर, बुधवार

नापास.

तपासणीवाला तरुण, फार सभ्य. प्रत्येक दोष सांगताना वाकून माफी मागत होता, त्यामुळे मलाही प्रत्येक वेळी वाकावं लागलं. टायर बॉडीबाहेर. उंची कागदाबाहेर. दिवे आभाळात. विंचचा हूक रस्त्याने चालणाऱ्याला लागेल. शेवटी म्हणाला, कृपया मूळ रूपात आणून दाखवा. मी म्हटलं, हेच माझ्या गाडीचं मूळ रूप आहे, कंपनीने दिलं होतं ते अपुरं होतं. त्याने पुन्हा माफी मागितली.

निशिगोरी-सानला फोन केला. स्प्रिंगा त्याने सुवाला राहणाऱ्या मेव्हण्याच्या गाडीला बसवल्यात. मागून घेतो म्हणाला, शनिवारी सकाळी आणून देतो. वर म्हणाला, मी सांगत होतो. मला माणसाचा हा स्वभाव आवडत नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे.

मिनोरी आली. मी गाडीखाली होतो. तिचे बूट दिसले. म्हणाली, बाबा, आले. म्हटलं, आलो आलो, एवढा नट. बाहेर निघेपर्यंत ती वर खोलीत सामान ठेवायला गेली आणि सामान घेऊन खाली आली. खोलीत पेट्रोल पंपाचा वास येतो म्हणाली, हसली. आईजवळ गादी टाकली. वाळली आहे थोडी. सायोकोने तिच्या आवडीचा मश्रूमभात केला होता, अर्धाच खाल्ला.

जेवताना मी परिस्थिती समजावून सांगितली. स्प्रिंगा सकाळी येतात, दुपारी बसतात. तपासणी नसली तरी गावातला रस्ता किती, जेमतेम चार वळणं, मग जंगलच. सायोको म्हणाली, तुम्ही तुरुंगात गेलात तर मी डबा आणणार नाही. मिनोरी म्हणाली, आईच्या गाडीने जाऊ ना. आईची गाडी म्हणजे भाजी आणायची, रंग फिका गुलाबी, पोट जमिनीला लागलेलं. पोरीला बापाचा रस्ता आठवत नाही, दुसरं काय.

२ नोव्हेंबर, शनिवार

दोघी गेल्या. गुलाबी गाडीने. मी स्पष्ट सांगितलं की ही आत्महत्या आहे. मिनोरी म्हणाली, बाबा, तू पण चल ना, मागे बस. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, निशिगोरी-सान येतोय, आणि तुम्हाला ओढून काढायला कोणीतरी घरी हवं. ओढण्याचा पट्टा, साखळी, फावडं फोनजवळ मांडून ठेवलं. पहिल्या ओढ्यालाच फोन येणार हे नक्की होतं.

फोन आला नाही. निशिगोरी-सानही आला नाही.

चार वाजता परत आल्या. गाडीला चिखलाचा ठिपका नाही. सायोको म्हणाली, रस्ता वरपर्यंत डांबरी झालाय हो, ओढ्यांवर पूल आहेत. खिंडीत पार्किंग आहे आणि गरम कॉफीचं मशीन. एक म्हातारा-म्हातारी टॅक्सीने आली होती.

मी पट्टा, साखळी, फावडं उचलून ठेवलं. मिनोरीचे डोळे लाल होते. म्हणाली, वर वारा फार होता.

३ नोव्हेंबर, रविवार

स्प्रिंगा आल्या, एकदाच्या. लगेच भिडलो. दिवस लहान झालाय.

अकराच्या सुमारास मिनोरी चहा घेऊन आली आणि उलट्या बादलीवर बसली. म्हणाली, बाबा, किती वेळ लागेल? म्हटलं, अर्धा तास, मग निवांत बोलू. ती बसून राहिली. मी सांगितलं तसा पाना देत होती, एकदा टॉर्च धरला. मी तिला जुनी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग यातला फरक समजावला. चांगल्या गप्पा झाल्या. मागचा बोल्ट गंजून बसला होता, त्याच्याशी झटापट करून वर बघितलं तर बादलीवर कोणी नव्हतं. चहा गार. अंधार पडायला आला होता.

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या नागोया बसने मिनोरी गेली. सायोकोने सोडलं. मी फाटकापर्यंत गेलो, हात ग्रीसचे होते म्हणून लांबूनच हलवला. नवीन वर्षाला निवांत बोलू म्हटलं. ती म्हणाली, हो बाबा.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नगरपालिकेची तात्पुरती नंबरप्लेट लावून गाडी नेली. पास. पहिल्याच फेरीत. तोच तरुण होता. म्हणाला, फार छान ठेवली आहे हो गाडी, अगदी शोरूममधून आणल्यासारखी.

घरी येऊन सायोकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, तुमच्या पोरीने ऑगस्टमध्ये नोकरी सोडली. रोज सकाळी ऑफिसच्या दारातून पाय मागे फिरायचे तिचे. वसंत येईपर्यंत घरी राहू का, एवढं तिला तुम्हाला विचारायचं होतं.

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? घर तिचंच आहे. आणि तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलंस? सायोको म्हणाली, मलाही वर खिंडीतच कळलं. मी म्हटलं तिला, ये. ती म्हणाली, खोलीत बाबाचं सामान आहे गं, त्याला अडचण नको. बाबाला सांगू नकोस म्हणाली, त्याला आपल्यामुळे झालं असं वाटेल. आज मला राहवलं नाही.

मी जेवलो नाही. माझी मुलगी माझ्या शेजारी बादलीवर बसली होती आणि मी तिला स्प्रिंग समजावून सांगितली. फार वाईट वाटतंय. हे कुठे जाऊन कसं दुरुस्त करायचं ते मला माहीत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

खोली रिकामी केली. चिखलाचे टायर, विंच, त्याचा बंपर, सगळं निशिगोरी-सानला बोलावून देऊन टाकलं. मी सांगत होतो, हे तेवढं म्हणाला नाही, उपकार झाले. खिडक्या उघड्या टाकल्या. पलंग पुसला, नवी चादर घातली. तातामीवर चार काळी वर्तुळं उमटली आहेत. साबण, सोडा, तांदळाचं पाणी, सगळं करून बघितलं. निघत नाहीत. दोनवर गालिचा टाकला, एकावर टेबल सरकवलं. चौथं दारातच आहे.

सायोको येऊन बघून गेली. मग हीटर आणून खोलीत ठेवला.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळीच मिनोरीला फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. म्हटलं, खोली रिकामी आहे, कधीही ये, कितीही दिवस राहा. वासही गेलाय.

ती म्हणाली, बाबा, फुकुओकात काम मिळालंय मला, मैत्रिणीच्या बेकरीत. सोमवारीच ठरलं, बसमध्ये असताना. पुढच्या आठवड्यात जाते. खोलीही बघितलीय तिथे. आवाज बरा वाटत होता, रडवेला नव्हता. मग म्हणाली, बरं झालं तूच फोन केलास. भाड्याच्या कागदावर जामीन म्हणून तुझा सहीचा शिक्का लागेल, पाठवते तुझ्याकडे.

म्हटलं, कागद पाठवूच नकोस, मी स्वतः शिक्का घेऊन येतो फुकुओकाला. गाडी पास झालीय, एकदम ठणठणीत आहे, एका दिवसात पोचेन. तुझं सामानही लावून देईन.

ती म्हणाली, नको बाबा, एवढ्या लांब कशाला. पोस्टाने चालेल.