एकविसावे कलम

प्रिय बुरुल,

बोगद्याच्या तळावरून आलेल्या तुझ्या गेल्या पत्रात तू दोन ठिकाणी स्वल्पविराम गाळले आहेस. ते पेन्सिलीने घालून मी पत्र जपून ठेवले आहे. बापाची खोड म्हणून सोडून दे.

काल तुझा पाळीप्रमुख एसेनगेल्दी आला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा दोन वाडगे कुमीस प्यायला आणि निम्म्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मज म्हाताऱ्याला म्हणाला, "अक्साकाल, पोरगी कसली, वाघीण आहे तुमची!" महिन्यापूर्वी ह्याच गृहस्थाने ह्याच बैठकीवर मला विचारले होते, "तुमच्या लेकीच्या कानात भुंगा शिरलाय का हो? डोंगर कुरकुरत होता तोवर आम्हाला आत राबवलं, आणि गप्प झाला तर बाहेर काढते!"

चूक त्याची नव्हती. बोगद्याच्या नियमावलीतील एकविसावे कलम माझ्या हातचे आहे: 'खडकाचे तडकणे थांबल्यावर आठ तासांनी कामास हरकत नाही.' तीस वर्षे माणसे त्या वाक्यावर विसंबून आत गेली आणि परत आली. तुझी यंत्रे मात्र कानाला न कळणारे तडेही मोजत होती. सहा दिवस ते वाढत गेले, बुधवारी एकाएकी थांबले, आणि तू एकेचाळीस माणसे बाहेर काढलीस. गुरुवारी दुपारी एसेनगेल्दी मला घेऊन आला. मी भिंतीला कान लावला आणि सर्वांदेखत म्हणालो, "खडक झोपला आहे. चला आत." तू बोगद्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिलीस. "झोपला नाही, बाबा, श्वास रोखून धरलाय त्यानं. कुणाला जायचंच असेल तर माझ्या अंगावरून जा." मागे कोणीतरी फिदीफिदी हसले. मी काठी आपटत घरी परतलो.

सव्वाचारला तावदाने थरथरली. फोन उचलण्याचे धैर्य मला होईना. शेवटी तोच वाजला. पलीकडे एसेनगेल्दी होता. "अक्साकाल, चाळीस मीटर बोगदा गेला! माणसं एकेचाळीसच्या एकेचाळीस बाहेर. चहा तेवढा सांडला."

पूर्वी तू माझी, तोक्तोसुनची, लेक म्हणून ओळखली जात होतीस. आता बाजारात मला 'बुरुलचा बाप' म्हणतात. ते ऐकण्यासाठी मी काही घ्यायचे नसतानाही बाजारात जातो.

एक गोष्ट मात्र तुला समोरासमोर सांगवत नाही, म्हणून हे पत्र. त्या दुपारी, वाद होण्यापूर्वी, छिद्र पाडताना निघालेली खडकाची एक चकती तू माझ्या तळहातावर ठेवली होतीस. लहानपणी तू अशाच चकत्यांची चळत रचत असताना मीच तुला शिकवले होते, की चकती जितकी पातळ, तितका डोंगरातला दाब अधिक. ही तर नाण्याहून जाड नव्हती. मला कळले होते, बुरुल. कळूनही मी ती खिशात टाकली, कारण एकविसावे कलम माझे होते. काल मी ते खोडले. त्या जागी लिहिले आहे: 'वाढत गेलेले तडकणे एकाएकी थांबल्यास बोगदा तत्काळ रिकामा करावा.' खाली तुझे नाव घातले आहे. चकती सोबत पाठवीत आहे. ती त्या एकेचाळीस जणांना दाखव, आणि महिनाभर कोणाच्या खिशात होती, तेही सांग.

तुझाच,
बुरुलचा बाप